बाबा पाणी, बाय बोट : घरी केलेल्या एका खेळाचा प्रकरण अभ्यास

गोव्यात मांडवी नदीतल्या चोडण बेटावरचं एक घर. वडील पणजीत कारकून, रोज फेरीबोटीने रायबंदरला उतरून पुढे जाणारे. आई घरीच शिवणकाम करते. आजी आहे. आणि चौथीत शिकणारी मुलगी, जिला घरात सगळे ‘बाय’ म्हणतात. गोव्यात दर दोन घरांआड एक बाय सापडते, तेव्हा हे नाव लिहिलं म्हणून कोणाची ओळख उघडी पडत नाही. वडील माझे मावसभाऊ, माझा दादा. मी डिचोली तालुक्यातल्या एका शाळेत संगणक शिकवते, त्यामुळे कुठे अडलं की फोन मला येई. बऱ्याच गोष्टी मी त्यांच्या बलकांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत बसून स्वतः पाहिल्या आहेत. चोडण–रायबंदर मार्गावर २०२५ मध्ये रो-रो फेरी (वाहनं एका टोकाने चढून दुसऱ्या टोकाने उतरतात ती) आली, त्याच्या आधीच्या काळातलं हे प्रकरण आहे.

सुरुवात नेहमीचीच. टॅबवरचे फुकट खेळ. तीस सेकंद खेळायचं, मग जाहिरात. जीव संपले की आणखी एक जाहिरात बघा, एक जीव घ्या. बायचं खेळण्याबद्दल कोणाचं म्हणणं नव्हतं. आईची तक्रार अशी की पोर खेळते कमी आणि वाट बघते जास्त. दादाने ठरवलं की आपणच खेळ करू. त्याला प्रोग्रॅमिंग येत नव्हतं. पण ऑफिसात एक्सेलची सूत्रं तोच सगळ्यांना लिहून देतो, म्हणजे ‘असं असेल तर तसं कर’ ही भाषा त्याला परकी नव्हती.

पहिला खेळ, जो चांगला होता

त्याने पायथन ही संगणकभाषा आणि तिच्यात खेळ करायचं पायगेम हे साधन घेतलं. रात्री सगळे झोपल्यावर बसायचा. चेंडू आणि फळी, म्हणजे १९७२ साली अटारीने ‘पाँग’ म्हणून आणलेल्या खेळाचा नातू. मागे निळं आकाश, गुणांची पाटी, सर्वाधिक गुणांची यादी, चेंडू लागला की टणत्कार. मी पाहिला तेव्हा खरंच वाटलं की पहिल्या प्रयत्नाला हे बरंच नेटकं झालंय.

बाय दोन संध्याकाळी खेळली, “छान आहे बाबा” म्हणाली आणि पुन्हा टॅबकडे गेली.

दादा खट्टू झाला. त्याला वाटलं चित्रं कमी पडली, म्हणून तो आणखी चित्रं घालायला निघाला होता. माझं मत वेगळं होतं. टॅबवरच्या एका खेळामागे चित्रकार, आवाजवाले, हिशेब करणारे असा मोठा ताफा असतो. त्यांच्याशी देखणेपणात स्पर्धा लावणारा बाप हरणारच. त्याच्याकडे एकच गोष्ट अशी आहे जी त्या कंपनीकडे कधीच नसेल: तो त्याच घरात राहतो, आणि मुलीला नियम पटला नाही तर चहा निवायच्या आत तो बदलू शकतो. पहिल्या खेळात नेमकी हीच गोष्ट वापरली गेली नव्हती. खेळ पुरा होऊन, इस्त्री होऊन समोर आला होता. बायला त्यात करण्यासारखं उरलं होतं ते फक्त खेळणं.

हे मी लांबण लावून सांगत होते तेव्हा वहिनी मशीनवरून मान वर न करता म्हणाली, “फ्रॉकचं माप घेताना ती गळ्यावरून, बाह्यांवरून भांड भांड भांडते. शिवून हातात दिला की गुपचूप घालते. तुम्ही शिवून देताय.”

पुढचं सगळं त्या एका वाक्यावर झालं, असं म्हटलं तरी चालेल.

हत्यार बदललं

पायथन ठेवून दिलं आणि स्क्रॅच घेतलं. एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक यांच्या गटाने बनवलेलं हे साधन २००७ पासून सगळ्यांना फुकट मिळतं. साधारण आठ ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी ते केलेलं आहे. आज्ञा टाइप करायच्या नसतात, रंगीत ब्लॉक एकमेकांना जोडायचे. पायथनमध्ये ओळीच्या सुरुवातीची एखादी मोकळी जागा चुकली तरी प्रोग्रॅम चालत नाही. इथे जो ब्लॉक बसत नाही तो बसतच नाही, आणि जे जोडलंय ते काहीतरी करतंच, भले चुकीचं करो. मुलाला शेजारी बसवून काम करायचं तर हा फरक फार मोठा आहे.

इंटरनेटशिवाय चालणारी आवृत्ती लॅपटॉपवर घातली. पावसात चोडणला वीज जाते, मागोमाग नेटही जातं. जुन्या लॅपटॉपची बॅटरी अर्धा तास टिकायची. या अर्ध्या तासाचा फायदाच झाला असं मला वाटतं. एका बैठकीत एकच बदल व्हायचा, आणि उरलेला वाद जेवताना चालायचा.

फेरी वाकडी का जाते

खेळाचा विषय कोणी शोधला नाही. पावसाळ्यात बाय रायबंदरहून फेरीने येत होती. तिने पाहिलं की बोटीचं तोंड धक्क्याकडे नाहीच, ते भलतीकडे आहे, आणि तरी बोट बरोबर धक्क्याला लागते. “ही वाकडी का जाते?” दादाने पाण्याची ओढ वगैरे सांगून पाहिलं. तिला पटलं नाही. तोंड तिकडे असेल तर बोट तिकडेच जायला हवी, असा तिचा रोकडा सवाल.

घरी येऊन त्यांनी स्क्रॅचच्या पडद्यावर मांडवी काढली. हा पडदा ४८० ठिपके रुंद आणि ३६० ठिपके उंच असतो, आणि शून्य बरोबर मध्यभागी. खाली रायबंदर, वर चोडण. उजवीकडे पूर्व, म्हणजे जुनं गोवं; डावीकडे पणजी आणि समुद्र. बोट बायने स्वतः काढली: वरून दिसणारा एक लांबट चौकोन, त्यावर चार स्कूटर आणि एक माणूस. तो माणूस म्हणजे बाबा.

बोटीला दोनच गोष्टी सांगितल्या. एक, जिकडे तोंड तिकडे दर वेळी ३ ठिपके जा. डावा-उजवा बाण दाबला की तोंड ५ अंश फिरव. दुसरी, तोंड कुठेही असो, दर वेळी ‘पाणी’ इतके ठिपके आडवी सरक. ‘पाणी’ हा आकडा साठवण्याचा डबा, म्हणजे व्हेरिएबल. स्क्रॅचमध्ये त्याला सरळ देवनागरीत नाव देता येतं. भरतीला पाणी २, सुकतीला, म्हणजे ओहोटीला, पाणी उणे २. उणे संख्या शाळेत अजून बऱ्याच लांब होत्या. तिने त्या ‘सुकती दोन’ अशा वाचल्या आणि पुढे गेली. हे मी सहावीच्या वर्गात संख्यारेषा काढकाढून शिकवते, म्हणून मला जरा जास्तच लागलं.

आता गंमत बघा. या दोन आज्ञांचा फेरा सेकंदाला साधारण ३० वेळा होतो. खालच्या काठापासून वरच्या काठापर्यंत अंतर ३०० ठिपके. नाक सरळ वर ठेवलं तर १०० फेऱ्यांत, म्हणजे सव्वातीन सेकंदांत बोट पलीकडे पोचते. पण तेवढ्यात भरतीने तिला २०० ठिपके उजवीकडे नेलेलं असतं. धक्का राहिला बाजूला, बोट खारफुटीत. बाय पहिल्यांदा खेळली आणि ओरडली, “वाहून गेली!” मग तिने नाक डावीकडे वळवायला घेतलं. थोडं, आणखी थोडं. उणे ४० अंशांच्या आसपास बोट जवळजवळ सरळ रेषेत वर गेली आणि धक्क्याला लागली. पडद्यावर बोट वाकडी आणि वाट सरळ.

कागदावर हिशेब मांडला तर कोन ४२ अंशांच्या जरा अलीकडे येतो आणि पलीकडे जायला चार सेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो. तो हिशेब दादाने नंतर केला, स्वतःच्या समाधानासाठी. बायला त्याची गरज नव्हती. तिचा पुढचा प्रश्न मात्र वेगळा होता: बोटीला कसं कळतं?

तेव्हा दादाने अंगणात चटई टाकली. बायला म्हणाला, चटईवरून पलीकडच्या तुळशीकडे चाल. ती चालायला लागल्यावर त्याने आणि आजीने मिळून चटई हळूहळू बाजूला ओढली. पहिल्यांदा ती तुळशीला चुकली. दुसऱ्यांदा तिने न सांगता पाऊल तिरकं टाकलं. १९६७ मध्ये लोगो ही मुलांची संगणकभाषा करणाऱ्यांपैकी सीमोर पॅपर्ट यांचा आग्रह असे की पडद्यावरच्या, आज्ञेप्रमाणे चालणाऱ्या कासवाला काय सांगायचं हे कळत नसेल तर मुलाने स्वतः कासव होऊन चालून बघावं. दादाने पॅपर्ट यांचं नावही ऐकलं नव्हतं. चटई त्याला कशी सुचली हे मी विचारलं, तर म्हणाला, लॅपटॉपची बॅटरी संपली होती.

मगर, कॅसिनो आणि आजी

बोट धक्क्याला लागली तरी खेळ “आपटली!” म्हणायचा. दादा बराच वेळ रंग बदलत बसला. बायने ब्लॉक मोठ्याने वाचले: “काठाला लागली तर आपटली. धक्क्याला लागली तर पोचली.” मग म्हणाली, “हा आधी काठ विचारतो. धक्का पण काठावरच आहे ना!” दोन ब्लॉकांची अदलाबदल केली आणि झालं. क्रमाने फरक पडतो, हे वाक्य मी वर्गात किती वेळा फळ्यावर लिहिलंय.

मगरीवरून मोठं भांडण झालं. बायला मगर हवी होती. दादा म्हणे फेरीच्या वाटेत मगर नसते. ती म्हणे कुंभारजुव्याच्या कालव्यात आहेत, सगळ्यांना माहीत आहे. दोघंही खरं बोलत होते. तडजोड निघाली ती खेळाच्या हिताची ठरली. कालवा वरच्या अंगाला, पूर्वेकडे. तेव्हा भरतीत वाहत उजव्या टोकाला गेलात तर मगर. मग सुकतीत वाहत डावीकडे गेलात तर काय? पणजीसमोर नांगरलेली कॅसिनोची जहाजं. तिथे पोचलं की पाटी येते: “पैसे संपले.” ही पाटी आजीने सांगितली. हरण्याच्या दोन तऱ्हा झाल्या, आणि हरल्यावर आपण कुठल्या दिशेला वाहिलो हेही कळायला लागलं. मी वर्गात शिकवायला खेळ आखला असता तर इतकं नीट मला सुचलं नसतं.

बोट पोचल्याचा आवाज म्हणून सकाळी पाव घेऊन येणाऱ्या पोदेराच्या सायकलचा भोंपू फोनवर रेकॉर्ड करून घातला. फेरीचा खरा भोंगा का नाही, असं दादाने विचारलं. बाय म्हणाली, भोंग्याने कोणाला आनंद होत नाही.

आजीचं खरं योगदान निराळंच. ती म्हणाली, रोज दोनच कसं? पुनवेला, अमावस्येला उधाण असतं. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा पाणी मवाळ. म्हणून सुरुवातीला तिथी विचारायचं ठरलं. भांगाला पाणी १, एरवी २, उधाणाला ३.

आणि ३ वर खेळ अडला. बोटीचा वेग ३, पाण्याची ओढ ३. वाट सरळ ठेवायची तर नाक वळवत वळवत पूर्ण आडवं, प्रवाहाच्या थेट समोर करावं लागतं, आणि मग बोट जागच्या जागी उभी. इंजिन चालू, पुढे एक ठिपका नाही. दादाला सोपा उपाय दिसला: बोटीचा वेग ४ करू. बायने हात धरला. मग उधाणाला काय अर्थ राहिला?

दोन दिवस खेळ तसाच अडलेला होता. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा काळ तो. त्या दोन दिवसांत दादाने काही ‘दुरुस्त’ केलं नाही. मग एका सकाळी फेरीवर त्याने पाहिलं, जे तो इतकी वर्षं रोज पाहत होता: कडेच्या पाण्यात ओढ कमी असते, मध्यावर जास्त. घरी येऊन सांगितलं. काठाजवळच्या ५० ठिपक्यांच्या पट्ट्यात पाणी १ केलं, मध्ये ३ ठेवलं. आता उधाणात जायचं तर आधी कडेकडेने प्रवाहाविरुद्ध शे-सव्वाशे ठिपके वर चढायचं, मग नाक थोडं तिरकं ठेवून मध्य कापायचा, आणि वाहत वाहत नेमकं धक्क्यासमोर यायचं. हे बायने शोधलं. दादाने तोवर सलग मगरीला खाऊ घातला होता.

दोघांचा खेळ

इथवरचा खेळ एकटीने खेळायचा होता. बाबा शेजारी बसायचा, पण खेळात नव्हता. त्याला खेळात कसं आणायचं? दुसरी बोट देऊन शर्यत लावावी असं मी सुचवलं होतं. ते मागे पडलं, कारण बायने त्याला आधीच काम दिलं होतं: “तू पाणी.”

म्हणजे तिच्याकडे बाण, त्याच्याकडे दुसऱ्या बाजूची दोन बटणं. एकाने पाणी एक-एक वाढतं, दुसऱ्याने एक-एक कमी होतं. पहिल्याच डावात त्याने बटण दाबून धरलं. तपासणी सेकंदाला ३० वेळा होत असल्याने पाणी क्षणात तिसाच्या वर गेलं, बोट पडद्याबाहेर, बाय रडकुंडीला. मग नियम आले, आणि ते तिने घातले. पाणी ३ च्या वर नाही, उणे ३ च्या खाली नाही. एकदा बदललं की एक सेकंद थांबायचं. आणि भरतीवरून एकदम सुकतीवर उडी नाही; मध्ये शून्यावर यायलाच हवं, कारण खऱ्या नदीतही भरती संपल्यावर पाणी काही वेळ थबकतं. मांडवीत दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं असतात, तिथे बाबाला बारा सेकंदांत सगळं उरकायला मिळतं, एवढं पुष्कळ झालं, असं तिचं म्हणणं.

हा खेळ अजून चालतो. देखावा पहिल्या खेळापेक्षा पुष्कळच गबाळा: एक खारफुटी निळी आहे, बोटीवरच्या माणसाला एकच हात आहे. दादाला त्याचा दुसरा हात काढून पुरा करायची फार इच्छा होते. वहिनी त्याला हात लावू देत नाही.

काय झालं, काय नाही झालं

टॅब सुटला नाही. बाय अजून टॅबवर खेळते, जाहिरातीही बघते. फक्त आता तिथल्या खेळातही तिला ‘इथे आधी काय विचारतो’ असले प्रश्न पडतात, आणि जीव मुद्दाम कमी ठेवलेत हे तिने स्वतःहून आईला सांगितलं.

गणेश चवथीच्या आधी माटोळीचा, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या फळांचा खेळ करून पाहिला. नारळ, सुपारी, तोरिंजन, चिबूड, आंबाडे पडद्यावर टांगलेले. नाव वाचून बरोबर फळावर बोट ठेवायचं. दोन दिवसांत विसरला गेला. त्यात उत्तर एकच होतं आणि ते सगळ्यांना आधीच माहीत होतं.

मला विचारलं जातं की मग याला कोडिंग शिकणं म्हणायचं का. व्हॉट्सअॅपवर लहान मुलांना अॅप-उद्योजक करून देणाऱ्या शिकवण्यांच्या जाहिराती फिरतात, त्या वाचून आईबाप घाबरतात. घाबरू नये. गोव्यात २०२१ पासून सरकारच्या ‘केअर्स’ योजनेखाली सहावी ते आठवीच्या मुलांना कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवलं जातं. मी स्वतः ते शिकवते. बाय सहावीत येईल तेव्हा शाळेत हे सगळं येणारच आहे. चोडणच्या घरात झालं ते वेगळं होतं. नदीबद्दलचा एक प्रश्न, आणि त्याचं उत्तर बरोबर आलं की नाही हे सांगणारी एक बोट. दादाने मांडवीऐवजी दुसरं काही घेतलं असतं तरी चाललं असतं, पण ते रोज दिसणारं आणि न उमगलेलं हवं होतं.

ती फाइल मी पेनड्राइव्हवर घालून माझ्या सहावीच्या वर्गात नेली. मुलं दहा मिनिटं खेळली. पोदेराच्या भोंपूला हसली, आणि मग कंटाळली. आमचा भाग खाणींचा. फेरी त्यांच्या रोजच्या वाटेवर नाही. मी फाइल बंद करणार होते तेवढ्यात मागच्या बाकावरच्या दोघांनी ती उघडून बोटीच्या जागी ट्रक काढला. नदी पुसून चढणीचा रस्ता केला, आणि पाण्याची आडवी ओढ फिरवून उताराची खालची ओढ केली. व्हेरिएबलचं नाव बदलायचं राहिलं, त्यामुळे त्यांचा ट्रक चढणीवर ‘पाणी २’ने मागे घसरतो. ज्याचे वडील ट्रक चालवतात तो मुलगा म्हणाला, हे खोटं आहे, खनिज भरलेला ट्रक आणि रिकामा ट्रक सारखे चढत नाहीत. मग त्यांनी भरलेल्या ट्रकचा वेग २ केला, रिकाम्याचा ४. भरलेला ट्रक चढणीवर जागच्या जागी उभा राहिला. आता रस्त्याला वळणं घालून चढ कमी करता येईल का, यावर वर्गात दोन तट पडले आहेत.